चीक घोटताना आजीला काय विचारायचं

आजीला समोर बसवून, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ‘आपण मूळचे कुठले गं?’ असं विचारू नका. मी विचारलं होतं. "ठाण्याचे, आणखी कुठले!" म्हणाली आणि मालिका लावली.

त्यापेक्षा नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, ज्यू नववर्षाला, तिच्यासोबत चिकाचा हलवा करायला घ्या. आम्हा बेने इस्रायलींकडे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंकडे, तो लागतोच. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. वाटून पंचातून गाळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतलं की तळाला पांढराशुभ्र चीक उरतो. त्यात दोन-तीन नारळांचं दूध, साखर, चिमूटभर मीठ. मग मंद आचेवर घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. थोडक्यात, आता आजीला उठून जाता येत नाही.

प्रश्न तेव्हा काढा, आणि लहानसाच काढा. ‘यात तूप का नाही?’ एवढंच मी विचारलं. शाळेत डबा उघडला की मैत्रिणी ‘बिनतुपाचा शिरा’ म्हणून हसायच्या, ते डोक्यात होतं. "सणाला मटण असतं. त्यावर आपल्या धर्मात दूध-तूप चालत नाही, म्हणून नारळ." तिथून ती तिच्या सासरच्या तेलघाण्यापाशी पोचली. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावात नावच पडलं ‘शनिवार तेली’. मी पुढे काही विचारलंच नाही, नुसती घोटत राहिले.

आडनावाचं मात्र थेट विचारा. ‘कर’ असेल तर अर्धं काम झालेलंच असतं: पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. ते गाव एकदा बघून या. उत्तरं रात्री लिहा. ओट्यावर वही नेलीत तर पानं चिकटतात.

हलवा कडा सोडू लागला की वेलची घालून ताटात ओता. ताटालाही तेलाचाच हात.

2025 मध्ये घटस्थापना आणि नव्याच्या सणाची संध्याकाळ एकाच दिवशी आली, 22 सप्टेंबरला. टेंभी नाक्यावर देवीची ही गर्दी! त्यातून वाट काढत आम्ही 1879 च्या आमच्या सिनेगॉगकडे, म्हणजे प्रार्थनास्थळाकडे, निघालो. आजी त्याला अजून मशीदच म्हणते. वाटेत तिने देवीला हात जोडणाऱ्या शेजारणीला थांबवून हलव्याची वडी दिली आणि मला म्हणाली, "इस्रायलला, अश्दोदला राहणाऱ्या आत्याला सांगू नको किती छान झालाय. ती कॉर्नफ्लोअरचा करते."