चिपमधे सेल फोडायच्यात? आधी पुढची स्टेप ठरवा

मायक्रोफ्लुइडिक चिपवर (केसाएवढ्या बारीक नळ्या कोरलेली छोटी पट्टी) लायसिस, म्हणजे सेल फोडून आतला माल बाहेर काढणं, करायचं म्हटलं की सगळे आधी डिटर्जंटच्या मागे लागतात, पण पहिला प्रश्न हा की फोडून पुढे करणार काय, कारण ट्यूबमधे असतं तर धुवून घेता येतं, चिपमधे एकदा जे घातलं ते सहसा शेवटपर्यंत सोबत येतं.

पुढे पीसीआर (डीएनएच्या भरमसाट प्रती काढणं) असेल तर एसडीएस या कडक डिटर्जंटच्या नादी लागू नका. सेल झटक्यात फुटतात हे खरं, पण अगदी किंचित उरलं तरी पॉलिमरेझ, म्हणजे प्रती काढणारं एन्झाइम, गप्प बसतं. त्यापेक्षा ट्रायटन एक्स-१०० हे सौम्य डिटर्जंट घ्या, ०.५ ते १ टक्का, ट्रिस बफरमधे. मात्र ट्रायटनने बाहेरचं आवरण जातं, केंद्रक बऱ्याचदा शाबूत राहतं, म्हणजे आरएनए हवा असेल तर ठीक, डीएनएसाठी वर ९५ अंशाला ५-१० मिनिटं तापवायचं.

आता खरी डोकेदुखी म्हणजे मिक्सिंग. १०० मायक्रॉनच्या चॅनलमधे सेल आणि बफर एकाच वेळी सोडले तरी दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी निवांत वाहत जातात, मिसळतात ते फक्त डिफ्यूजनने, म्हणजे रेणू आपसूक हळूहळू पसरून. म्हणून फ्लो कमी ठेवा आणि नागमोडी लांब चॅनल द्या. रुंदी निम्मी केली तर मिसळायचा वेळ चौथाईवर येतो, तेव्हा डिझाईन करतानाच अरुंद करा ना! आधी नुसतं रंगीत पाणी सोडून बघा, रंगाची रेघ कुठे पुसली जाते ते लगेच दिसतं.

तापवताना बुडबुडे येणारच, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि फुगलेला बुडबुडा सॅम्पलच ढकलून देतो. बफर आधी व्हॅक्यूममधे ठेवून त्यातली हवा काढा (डीगॅस करा), इनलेट-आउटलेट मिनरल ऑइलने बंद करा. चिप पीडीएमएसची (रबरासारखं सिलिकॉन) असेल तर त्यातून वाफही उडते, त्यामुळे तापवणं उगाच लांबवू नका.

केमिकलच नको असेल तर सेल विजेच्या झटक्याने फोडा. सेंटीमीटरला १ किलोव्होट ऐकून घाबरायला होतं, पण इलेक्ट्रोडमधे ५० मायक्रॉन अंतर असेल तर ५ व्होटच लागतात. एसी वापरा, डीसीने पाण्याचं विघटन होऊन परत बुडबुडेच. आणि सलाइनऐवजी सुक्रोजचं द्रावण घ्या, नाहीतर करंट वाढून सगळं तापतं.

हे सगळं माणसा-प्राण्यांच्या मऊ सेलसाठी हां. बॅसिलससारख्या जाड भिंतीच्या बॅक्टेरियाला आधी लायसोझाइम (भिंत कुरतडणारं एन्झाइम), टीबीच्या जंतूला तर काचेच्या मण्यांनी भरडावंच लागतं.

फुटलं का ते बघायला सेलना आधीच कॅल्सीन एएम लावा, या रंगाने जिवंत सेल हिरवे चमकतात. हिरवा ठिपका एकदम विझून रंग आजूबाजूला पसरला की झालं, विझलाच नाही तर आधी फ्लो कमी करा, डिटर्जंट नंतर वाढवा.