पावागडचा उतार पडद्यावर मोजण्यापूर्वी

बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गूगल अर्थ प्रो या पृथ्वीचे त्रिमितीय दृश्य दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीवर गुजरातमधील पावागड हा लाव्हाच्या खडकांचा डोंगर शिकवण्याचा तास पुढच्या आठवड्यात पुन्हा आहे. गेल्या वर्षी तो माझ्या हातून बिघडला, म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

वीज आणि प्रोजेक्टर यांविषयी प्रयोगशाळा सहायकांना एकदा विचारले की पुरे. आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर डोंगराभोवती जवळून फिरून घ्यावे, म्हणजे चित्रे संगणकात साठतात आणि सगळ्यांनी एकदम उघडले तरी खोळंबा होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑप्शन्समधील थ्रीडी व्ह्यूमध्ये 'एलेव्हेशन एक्झॅजरेशन'चा, म्हणजे उंची किती पट वाढवून दाखवायची याचा, आकडा १ आहे का, हे पाहावे, आणि प्रत्येक संगणकावर पाहावे. लाव्हाप्रवाहांच्या पायऱ्या उठून दिसाव्यात म्हणून मी तो सगळीकडे ३ करून घेतला होता आणि पुन्हा १ करायचा विसरले. विद्यार्थ्यांनी बाजूचे दृश्य छापून त्यावर कोनमापक ठेवला, तेव्हा २० अंशांचा उतार सुमारे ४७ अंश भरला. उंची तिप्पट झाली की कोन तिप्पट होत नाही, त्याची स्पर्शज्या (टॅन, म्हणजे उंची भागिले आडवे अंतर) तिप्पट होते. त्यामुळे आकडा पाहून चूक चटकन लक्षातही येत नाही. अवघ्या ५ अंशांची नती (थराचा कल) १५च्या आसपास दिसते आणि जवळजवळ आडवे असलेले दख्खनचे लाव्हाथर चांगलेच कललेले भासतात. एका विद्यार्थिनीने वही पुढे करून विचारले, "मॅडम, मी डोंगरावरच्या माचीवरून चालत वर गेले आहे. एवढा चढ तिथे कुठे आहे?" तिचे बरोबर होते. तोवर तास संपत आला होता.

केएमझेड फाइल (गूगल अर्थमधील खुणा व दृश्ये साठवलेली फाइल) दिली म्हणजे हा आकडाही सोबत गेला, असे कृपया समजू नये. तो ज्या त्या संगणकात राहतो. स्वतःच्या लॅपटॉपवर १ दिसला, यावरून प्रयोगशाळेतले काहीही सिद्ध होत नाही.

पडताळ्यासाठी एलेव्हेशन प्रोफाइलमधून, म्हणजे आखलेल्या रेषेवरील उंचीच्या आलेखातून, उंचीतील फरक आणि आडवे अंतर घेऊन उतार गणिताने काढायला लावावा. तो आलेखही उभा ताणलेला असतो, म्हणून त्यावर कोनमापक ठेवू देऊ नये.

खालचा बेसाल्ट आणि माथ्याकडचा रायोलाइट या दोन खडकांचे नमुने टेबलावर हवेतच, कारण हातात घेतल्यावर जाणवणारे वजन पडदा देत नाही. भिंग, आम्ल, कोऱ्या वह्या नेहमीप्रमाणे. वर्ग आत घेण्यापूर्वी प्रत्येक संगणकावर तो आकडा पुन्हा पाहावा: १.