सूक्ष्मनलिका बांधताना या चुका टाळा

ट्युब्युलिन या प्रथिनापासून सूक्ष्मनलिका (पेशीतल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) बांधण्याच्या प्रयोगात गढूळपणाचा आलेख (नलिका बांधल्या की मिश्रण गढूळ होते) सपाट आला की विद्यार्थी सर्वप्रथम प्रथिनाला दोष देतात आणि नव्या कुपीच्या मागणीचा अर्ज लिहायला बसतात. प्रथिन महाग असते, आणि माझ्या अनुभवात दोष बहुधा बर्फाच्या बादलीत किंवा आपल्या घाईत सापडतो.

ट्युब्युलिन ३७ अंशांना जुळते आणि बर्फात सुटते, हे सर्वांना पाठ असते. मात्र नागपुरात मे महिन्यात प्रयोगशाळेचे टेबलच त्या तापमानाला पोचलेले असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एका नवतप्यात (मे अखेरच्या सुमाराच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वीज जाऊन-येऊन होती. आमच्या एका विद्यार्थ्याने जीटीपी (नलिका बांधायला लागणारा ऊर्जावाहक रेणू) घातलेले मिश्रण 'दोनच मिनिटे' म्हणून बर्फाबाहेर काढले आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचा (मिश्रणाने किती प्रकाश अडवला ते मोजणाऱ्या यंत्राचा) दिवा स्थिर होण्याची वाट पाहत बसला. तेवढ्या वेळात सूक्ष्मनलिका नळीतच बांधून झाल्या, त्याने त्या गढूळ मिश्रणावरच यंत्राचे शून्य लावले, आणि पुढे अर्धा तास ३५० नॅनोमीटरवर आडवी रेघ उमटत राहिली. दुसऱ्या दिवशी बफर (पीएच स्थिर राखणारे द्रावण) बदलला, तिसऱ्या दिवशी जीटीपी बदलले, बाहेर ठेवण्याची सवय तेवढी तशीच राहिली. शेवटी मी मिश्रणाची ती क्युवेट (मोजणीची पारदर्शक कुपी) बर्फात ठेवायला लावली, बाहेर काढून पुसून पुन्हा मोजली, तर आकडा शून्याच्याही खाली गेला; तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मी शून्य केवळ बफरवर लावतो, रिकामी क्युवेट आधीच ३७ अंशांवर ठेवतो आणि प्रथिन सर्वांत शेवटी बर्फातून थेट तिच्यात घालतो. बादलीत पाणी झाले तरी हरकत नाही. बर्फाचा शेवटचा खडा विरघळला की मात्र ती बादली राहत नाही, नुसते भांडे उरते.

याच्या उलट चूक अधिक फसवी आहे, कारण तीत आलेख वर जातो आणि सगळे खूश होतात. वारंवार गोठवून वितळवलेले ट्युब्युलिन गुठळ्या धरते, आणि गुठळ्याही प्रकाश विखुरतात. कूलरच्या दमट हवेत थंड क्युवेटवर धरलेले दवसुद्धा तेच करते. म्हणून प्रत्येक वेळी शेवटी क्युवेट बर्फात ठेवून, पुसून, पुन्हा मोजावी: सूक्ष्मनलिका असतील तर आकडा खाली येतो, गुठळ्या असतील तर हलत नाही. ही दहा मिनिटे वाचवणाऱ्याच्या आलेखावर मी सही करत नाही.

आलेख वर जाऊन स्थिर झाला म्हणजे वाढ थांबली, असे वहीत लिहिणाऱ्यांचीही मला धास्ती वाटते. गढूळपणातून केवळ जुळलेल्या प्रथिनाचे एकूण प्रमाण कळते. त्या सपाट भागातही एक नलिका वाढत असते आणि तिच्या शेजारची कोसळत असते, हे टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये मांडले. टोकावरच्या बीटा-ट्युब्युलिनवर जीटीपी शाबूत असेतोवर नलिका टिकते. ती टोपी गेली की टोकाचे धागे बाहेर वळून नलिका भराभर उलगडते. ही पडझड पाहायची असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नलिका पाहावी लागते, आणि त्याला धीर लागतो.

बफरमधले पाइप्स हे रसायन पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी वाढवत बसू नये; पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.८ कडे नेताना ते आपोआप विरघळते. कॅल्शियमने नलिका मोडतात, तेव्हा कॅल्शियम पकडून ठेवणारे ईजीटीए विसरू नये. ॲक्टिन या पेशीतल्या दुसऱ्या तंतू-प्रथिनाची कृती ट्युब्युलिनला लावू नये: ॲक्टिनला एटीपी आणि क्षार लागतात, आणि त्याचे सुटे रेणू मुद्दाम कॅल्शियमसह ठेवतात.

राहिला टॅक्सॉल या नलिका टिकवून धरणाऱ्या औषधाचा आडमार्ग. ते घातले की रेघ देखणी वर जाते, हे खरे. परंतु ते नलिकांचे कोसळणेच रोखते, त्यामुळे वाढ आणि घट अभ्यासायला निघालेल्याच्या हाती अर्धाच विषय उरतो, शिवाय अशा नलिका थंडीलाही दाद देत नाहीत, म्हणून वर सांगितलेली बर्फाची कसोटी तिथे लावता येत नाही. घालायचेच असेल तर एकदम ओतू नये, थोडे थोडे घालावे, नाहीतर टॅक्सॉलच साका होऊन बसते आणि पुन्हा गुठळ्यांचा आलेख मिळतो.