शून्य गुणांची तीन उत्तरं

गेल्या जुलैत क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मीटिंगला एक नव्या बाई भेटल्या. पहिलीच नेमणूक, तीही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “टीचर, एफए-वन झाली. पेपर तपासले, मार्क सॅट्सवर भरले. आता ह्या पेपरांचं काय करू?” (एफए म्हणजे वर्षात अधूनमधून होणारी छोटी चाचणी, आणि सॅट्स म्हणजे गुण भरायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा.) मी म्हटलं, बांधून कपाटात टाकू नका, खरं काम आता सुरू होतंय. मीटिंग सुरू झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. त्यांना सांगायचं राहिलेलं इथे लिहिते. सीमाभागातल्या कुठल्याही मराठी शाळेत नव्याने रुजू झालेल्यांना त्याचा उपयोग व्हावा.

मी जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत गणित शिकवते. चौदा वर्षं झाली. कर्नाटकात वर्षाला चार एफए आणि दोन एसए, म्हणजे सत्राअखेरच्या मोठ्या परीक्षा, होतात, गुणांवरून ए प्लसपासून सीपर्यंत श्रेणी लागते, सगळं ऑनलाइन भरायचं असतं. हे काम वेळेत करा, त्यात कुचराई नको. पण २० पैकी ११ ह्या आकड्यावरून त्या पोराला काय येतं आणि काय येत नाही, हे तुम्हाला सांगता येईल का? मला येत नव्हतं. पहिली दोन वर्षं मी कमी गुणांची मुलं वेगळी काढायची आणि शाळा सुटल्यावर तोच धडा, त्याच फळ्यावर, त्याच पद्धतीने पुन्हा शिकवायची. मुलं निमूट बसायची. पुढच्या परीक्षेत तीच मुलं तिथेच असायची. त्यांची ती दोन वर्षं वाया गेली ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझे डोळे उघडले ते एका वजाबाकीने. ४०२ वजा १७८. वर्गात मुलं चौदा. पाच जणांनी २२४ हे बरोबर उत्तर लिहिलं होतं, नऊ जण चुकले. नऊही जणांना मी शून्य गुण दिले होते. त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, बसला वेळ होता, म्हणून पेपर पुन्हा चाळत बसले आणि लक्षात आलं की नऊ जणांची उत्तरं तीनच आहेत. चौघांनी ३७६ लिहिलंय, तिघांनी २७४ आणि दोघांनी ३२४.

आता ही उत्तरं एकेक करून बघा. ३७६ कसं आलं? आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. म्हणजे ही मुलं वरचा-खालचा बघतच नाहीत, मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळी होतात. हातचा घेणं हा प्रकारच त्यांच्या डोक्यात नाही. २७४ वाल्यांना हातचा माहीत आहे, पण मधे शून्य आलं म्हणून त्याला ओलांडून त्यांनी थेट चाराकडून हातचा आणला. बारातून आठ गेले चार, हे बरोबर. मग शून्यातून सात जाईनात, तेव्हा ते उलटे काढले, आणि चाराचे तीन झालेले असल्यामुळे शेवटी दोन. ३२४ वाले तर जवळजवळ पोहोचलेच होते. शून्याचे दहा केले, दहाचे नऊ केले, एकक बरोबर, दशक बरोबर, फक्त चाराचे तीन करायचं राहिलं.

शून्य गुण तिन्ही उत्तरांना, पण दुखणी तीन आणि औषधंही तीन.

३७६ वाल्या चौघांना मी शंभराच्या, दहाच्या आणि एकच्या कागदी नोटा करून दिल्या. चारशे दोन रुपये हातात आहेत, दुकानदाराला एकशे अठ्ठ्याहत्तर द्यायचेत, दे बघू. आठ सुटे द्यायला गेलं की पोराच्या हातात दोनच निघतात. मग मोड करून आणावीच लागते. ‘हातचा’ ह्या शब्दापेक्षा ‘मोड’ हा शब्द त्यांना आधी कळला, कारण बाजारात ते रोज ऐकतात. २७४ वाल्यांना मी काही सांगण्याआधी विचारलं, शून्याला का सोडलंस? एक मुलगी म्हणाली, “शून्याकडं काय बी नाही की टीचर, त्याच्याकडनं घ्यायचं कसं?” तिचं बरोबरच होतं. तिला फक्त एवढंच दाखवायचं होतं की शून्याने आधी शंभराची मोड करून आणायची आणि मग त्यातले दहा शेजाऱ्याला द्यायचे. राहिले ३२४ वाले दोघे. त्यांच्यासाठी पाच मिनिटं पुरली: हातचा घेतलास की वरचा अंक खोड आणि नवा लिही, मनात ठेवू नकोस. ह्या दोघांना जर मी चौघांबरोबर नोटा मोजायला बसवलं असतं, तर त्यांचा तास फुकट गेला असता.

चार दिवसांनी तीनच गणितं दिली. ५०३ वजा २६७, ६०० वजा ३४५ आणि ७३१ वजा २५८. शेवटचं मुद्दाम बिनशून्याचं. ते आलं आणि पहिली दोन चुकली तर अडचण शून्याची, तिन्ही चुकली तर हातच्याची. ह्या छोट्या चाचणीचे गुण कुठेही भरायचे नाहीत. ते तुमच्यासाठी आहेत.

तेव्हापासून मी प्रत्येक एफएनंतर एक तक्ता करते. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, रेघांचं मोठं वहीचं पान पुरतं. डाव्या बाजूला मुलांची नावं, वर प्रश्नांचे क्रमांक. उत्तर बरोबर असेल तर बरोबरची खूण. चुकलं असेल तर फुली मारायची नाही, मुलाने लिहिलेलं चुकीचं उत्तरच त्या चौकटीत लिहायचं. कोरं सोडलं असेल तर गोल. कोरं आणि चूक ह्यांत फार फरक आहे. चुकणारा काहीतरी विचार करतोय, कोरं सोडणारा घाबरलाय, किंवा प्रश्नच वाचता आलेला नाही, किंवा वेळ संपलाय. चौदा मुलं आणि दहा प्रश्न असतील तर पाऊण तासात तक्ता होतो. आधी उभा वाचा, मग आडवा. उभ्या ओळीत बहुतेक सगळे चुकलेत असं दिसलं, तर पोरांकडे बोट दाखवू नका. एक तर शिकवणं कमी पडलंय, नाही तर प्रश्नच नीट काढलेला नाही.

हे दुसरं माझ्याच बाबतीत घडलं. मी प्रश्न काढला होता: दुकानदाराकडे ५० किलो काजूबिया होत्या, त्यांपैकी १८ किलो विकल्या, उर्वरित बिया २ किलोच्या पिशव्यांत भरल्या, तर पिशव्या किती? उत्तर १६. चौदापैकी अकरा चुकले, आणि बहुतेकांनी ९ लिहिलं होतं. मी एकाला जवळ बसवून विचारलं, ९ कसं आणलंस? तो म्हणाला, अठराला दोनने भागलं. अठराच का? “उर्वरित म्हणजे विकलेल्याच न्हवं?” दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न ‘उरलेल्या बिया’ असा लिहून दिला आणि चुकलेल्या अकरांपैकी नऊ जणांनी सोडवला. गणित त्यांना येत होतं, शब्द येत नव्हता. आपल्याकडच्या मुलांची घरची बोली आणि पुस्तकातली मराठी ह्यांत अंतर आहे. गवळीवाड्यावरून येणाऱ्या मुलांना तर ते जास्तच जाणवतं. म्हणून शाब्दिक उदाहरण चुकलं की तेच नुसत्या आकड्यांत मांडून द्या. आकड्यांत जमलं तर भाषेवर काम करायचं. ‘उर्वरित’ शिकवायचाच, कारण पुढे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पेपरात तो भेटणार आहे, पण तो भाषेचा धडा म्हणून शिकवायचा.

बहुपर्यायी प्रश्न काढताना चुकीचे पर्याय असेच वर्गातल्या खऱ्या चुकांतून घ्या. २२४ च्या शेजारी ३७६, २७४ आणि ३२४ ठेवले की मुलाने कुठली खूण केली ह्यावरूनच निदान होतं. वाटेल ते आकडे टाकले तर काहीच कळत नाही. आणि चार पर्यायांचे दहा प्रश्न असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी दोन-तीन बरोबर येतात, हे ध्यानात ठेवा. दहापैकी तीन म्हणजे तीस टक्के येतं, असं धरू नका.

टक्केवारीचं तर आपल्या शाळांत जपूनच बोलावं. चौदा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सात टक्के. एका पोराला ताप आला की वर्गाचा निकाल सात टक्क्यांनी घसरतो, आणि मीटिंगमध्ये त्याचं कारण विचारलं जातं. अशा वेळी मी तक्ता पुढे ठेवते. कुठलं मूल, कुठला प्रश्न, काय चूक, मी काय केलं. नावं-प्रश्न समोर असले की बोलणं लगेच कामाचं होतं. आमच्या सीआरपींनी, म्हणजे क्लस्टरच्या साधन व्यक्तींनी, तर तो तक्ता दोन शाळांना दाखवायला मागून नेला होता.

तक्त्याशेजारी हजेरी ठेवायला विसरू नका. जुलैत आमच्याकडे भाताची लावण असते, चांगली मोठी पोरं चार-चार दिवस शेतात असतात. त्यात अतिवृष्टीच्या सुट्ट्या. एका मुलाचे दशांश अपूर्णांकांचे सगळे प्रश्न कोरे होते, बाकी पेपर उत्तम. हजेरी काढली तर दशांश शिकवला त्या पाच दिवसांत तो एकदाच आला होता. त्याला काही येत नव्हतं असं नाही, त्याला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

जिल्ह्याचे, राज्याचे आकडे वर्तमानपत्रांत येतात, ते वाचा, पण त्यांच्यावरून आपल्या वर्गाबद्दल निष्कर्ष काढू नका. २०२१ च्या नोव्हेंबरातलं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा २०२४ च्या डिसेंबरात तिसरी, सहावी, नववीसाठी झालेलं परख सर्वेक्षण ह्या नमुना पाहण्या आहेत. निवडक शाळा, निवडक मुलं. धोरण ठरवणाऱ्यांना त्यांचा उपयोग आहे, पण तुमच्या तिसऱ्या बाकावरच्या पोराचं त्यात काही सापडणार नाही. त्यापेक्षा पहिली ते तिसरीचा नली-कलीचा, म्हणजे खेळत शिकण्याच्या पद्धतीचा, वर्ग एकदा जाऊन बघा. तिथे मूल शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे हे तक्त्यावर दिसतं आणि मूल तिथूनच पुढे जातं. कोविडनंतर २०२२-२३ मध्ये, मागे पडलेला अभ्यास भरून काढायला ‘कलिका चेतरिके’ हा कार्यक्रम आला, तेव्हा सरावपत्रिकांचा ढीग बघून आम्ही सगळेच दमलो होतो. पण प्रत्येक पत्रिका एका अध्ययन निष्पत्तीला, म्हणजे मुलाला नेमकं काय यायला हवं ह्याला, बांधलेली असल्यामुळे, कुठे अडलंय हे शोधायची मला खरी सवय लागली ती त्याच वर्षी.

हायस्कूलवर असाल तर एक गोष्ट. २०२३-२४ पासून एसएसएलसीची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते. पहिल्या परीक्षेत राहिलेल्या मुलाला दुसऱ्या परीक्षेपर्यंत मोजकेच दिवस मिळतात. तेवढ्यात सगळं पुस्तक होत नाही. पूर्वपरीक्षांचे त्याचे पेपर जपून ठेवले असतील तर कुठले दोन-तीन घटक पक्के केले की तो पार होईल, हे तुम्हाला लगेच सांगता येतं.

पालकांशी बोलताना श्रेणी सांगून थांबू नका. ‘समुदायदत्त शाळे’च्या, म्हणजे पालकांना मुलांची प्रगती दाखवायच्या, दिवशी आई कामाची मजुरी बुडवून आलेली असते. तिला ‘बी प्लस’ सांगून काय उपयोग? मी सांगते, “वहिनी, पोरीला वजाबाकीत मोड करता येत नाही. सोमवारच्या बाजारात पैसे तिला द्यायला लावा, परत आलेले मोजून घ्यायला लावा.” एवढं कुठल्याही आईला करता येतं, शाळेत गेलेली नसली तरी. आणि गुणांच्या क्रमाने नावं वर्गात वाचून दाखवू नका. मी एके वर्षी वाचली होती. शेवटचं नाव आलेली मुलगी त्यानंतर महिनाभर प्रश्नाला हात वर करत नव्हती.

हे फक्त गणितापुरतं नाही. आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या सरांनी गेल्या वर्षी श्रुतलेखनाच्या चुका अशाच वेगळ्या काढल्या. निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या निघाल्या. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आपल्या मराठीत तो भेद नाही. ‘कोडु’ म्हणजे दे, पण तोच ओ लांबवला की झालं शिंग. आपल्या पोरांच्या कानाला दोन्ही सारखेच. इतके दिवस सर ते शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगत होते. आता त्यांनी लिहिणं थांबवून आधी ऐकायचा खेळ सुरू केलाय: सर एक शब्द म्हणतात, मुलं ऱ्हस्वाला एक बोट दाखवतात, दीर्घाला दोन. दुपारी बिसिऊट, म्हणजे शाळेतलं जेवण, झालं की दहा मिनिटं व्हरांड्यात हे चालतं. सातवीतल्या चौघांची बोटं अजून चुकतात. येत्या एफएच्या तक्त्यात सर त्या चौघांचे शब्द वेगळ्या शाईने लिहिणार आहेत.