स्टोनवेअरचं बेकिंग भांडं बिडाच्या तव्यासारखं तयार करू नका

बिनग्लेझच्या स्टोनवेअरमध्ये, म्हणजे आत काचेसारखा थर नसलेल्या, कडक भाजलेल्या मातीच्या भांड्यात, पहिलीच नानकटाई चिकटली की जो तो एकच सल्ला देतो: भांड्याला तेल चोळा, रिकामंच ओव्हनमध्ये तापवा, असं तीन-चारदा करा. बिडाच्या तव्याला करतात तसं. या सल्ल्यापायी माझं पहिलं भांडं जवळजवळ वाया गेलं होतं, म्हणून सुरुवातीलाच सांगते, हे करू नका. त्याऐवजी काय करायचं ते तिसऱ्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे. घाई असेल तर थेट तिथे जा.

मी ही भांडी १४ वर्षं वापरते आहे. पहिली दोन ओहायोत राहत असताना घेतली. तिथल्या झेन्सव्हिल, रोजव्हिल, क्रुक्सव्हिल या पट्ट्यात स्टोनवेअरला लागणारी माती जमिनीतच मिळते, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून तिथे मातकाम चालत आलं आहे. एक भांडं शॉर्टब्रेडचं (लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटाचं), आठ पाकळ्यांचं, प्रत्येक पाकळीत वेगळी नक्षी. दुसरं ब्रेडचं लांबट. ते आता नाही, का नाही ते चौथ्या पायरीत येईल. तिसरं, खोल आणि गोल, पुण्यात परतल्यावर खास धोंडसासाठी, म्हणजे काकडीच्या आणि गुळाच्या केकसाठी घेतलं. आमच्याकडे रत्नागिरीला धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून व्हायचं. खालून-वरून सारखी आणि सावकाश आच लागली तरच ते जमतं. स्टोनवेअर तशी आच देतं. ते तापतं उशिरा, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. पातळ ॲल्युमिनियमच्या डब्यात कडा करपतात आणि मधला भाग गिच्च राहतो, तसं यात होत नाही.

१. आधी भांडं ओळखा

भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच गोल राहिला तर आत ग्लेझ आहे, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. हळूहळू शोषला जाऊन खाली काळसर डाग पडला तर भांडं बिनग्लेझचं आहे. ग्लेझच्या भांड्याला कसलीही तयारी लागत नाही. तूप लावा, वापरा, साबणाने धुवा. तिसरी पायरी त्याच्यासाठी नाही, पण चौथी दोघांनाही लागू आहे.

लोणच्याची वर तपकिरी, खाली पांढरी बरणी हीसुद्धा स्टोनवेअरच. पण ती मुरवणासाठी केलेली असते, ओव्हनच्या आचेसाठी नाही. तेच उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या रंगीत वाडग्यांचं. ती सुंदर असतात, माझ्याकडेही आहेत, पण ओव्हनमध्ये चालेल असं विकणाऱ्याने स्पष्ट सांगितल्याशिवाय ती आत घालू नका.

घेताना माठ वाजवून घेतो तसं बोटाच्या पेरानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर घ्या. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी.

२. नवं भांडं नुसत्या गरम पाण्याने धुऊन दिवसभर वाळवा

एवढंच.

३. पहिल्या दहा खेपा

बिडाच्या तव्यावर तेल का बसतं ते आधी समजून घ्या. बीड तेल पीत नाही. आपण तेल लावतो, जवळजवळ सगळं पुसून काढतो, आणि उरलेला अगदी झिरझिरीत थर उष्णतेने आणि हवेने आळून कडक होतो. बिनग्लेझचं स्टोनवेअर थोडं सच्छिद्र असतं. त्याला चोळलेलं तेल आत शिरतं आणि नक्षीच्या खाचांत साचून राहतं. तिथला थर जाड असतो, म्हणून तो वरून आळतो आणि आत ओला राहतो. ओव्हनमधून भांडं काढलं की हाताला डिंक लागल्यासारखं वाटतं. त्या डिंकाला पुढचं पीठ आणखी घट्ट धरून बसतं. मग लोकांना वाटतं तेल कमी पडलं, आणि ते आणखी तेल चोळतात. काही महिन्यांनी त्याच तेलाला खवट वास यायला लागतो, तो वेगळाच.

माझ्या नक्षीच्या भांड्याला मी ब्रशने सूर्यफुलाचं तेल लावलं आणि २०० अंश सेल्सिअसवर तीनदा तापवलं. सगळ्या पाकळ्यांवर तांबूस, चिकट राप चढला. पुढच्या दोन्ही नानकटाया मला चमच्याने खरवडून काढाव्या लागल्या. तो राप काढायला सलग चार संध्याकाळी गेल्या: तीन भाग खायचा सोडा, एक भाग पाणी, असा लगदा थापायचा, अर्धा तास ठेवायचा, लाकडी उलथन्याच्या कडेने खरवडायचा, गरम पाण्याने धुवायचा, पुन्हा थापायचा. तुमच्या भांड्याचं असं झालं असेल तर हाच उपाय करा आणि धीर धरा. तारेची घासणी लावू नका. अमेरिकेतल्या वाचकांसाठी आणखी एक: ओव्हनच्या स्वतःहून साफ होण्याच्या चक्रात भांडं आत ठेवून राप जाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या चक्रात तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. राप जळेल, पण भांडं तडकायचा धोका फार मोठा आहे.

मग भांडं तयार कसं करायचं? त्यात तुपाचे पदार्थ भाजून. दुसरा मार्ग नाही, आणि दुसऱ्या मार्गाची गरजही नाही. तुपाचं पीठ भाजताना त्यातलं तूप थोडं थोडं सुटतं आणि भांड्याला हवं तेवढंच आत जातं. जास्तीचं तूप पीठच धरून ठेवतं, म्हणून खाचांत साचत नाही. दर खेपेला रंग किंचित गडद होतो. सुरुवातीला मारी बिस्किटासारखा फिकट असलेला पृष्ठभाग आधी तपकिरी आणि मग कॉफीसारखा होतो. मधे डाग डाग दिसतात. ते डाग म्हणजे काही बिघडलेलं नाही, घासून काढायला जाऊ नका.

पहिल्या पाच खेपा नुसती नानकटाई करा. साधारण २० सेंटीमीटरच्या नक्षीच्या भांड्याला माझं प्रमाण असं: १०० ग्रॅम थिजलेलं तूप, ५० ग्रॅम पिठीसाखर, १३० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. सोडा किंवा बेकिंग पावडर घालू नका. नेहमीच्या नानकटाईत ती घालतात हे मला माहीत आहे, पण इथे पीठ फुगलं की नक्षी पुसट होते आणि फुगलेलं पीठ खाचांत अडकतं. तूप आणि साखर हलकी होईपर्यंत फेटा, मैदा मिसळा, गोळा भांड्यात ठेवून मधून कडेकडे बोटांनी दाबत न्या. सगळीकडे काट्याने टोचा. १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत.

या काळात भांड्याला तूप लावायचं ते बोटाने, आणि नंतर कागदाने पुसून घ्यायचं. बोट फिरवलं तर ओशट लागावं, पण चकाकी दिसू नये. डब्यातून फवारायचं तेल तर या भांड्याजवळ आणूच नका. त्यात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो, आणि त्याचा चिकट राप सोड्यानेही सहज निघत नाही. नक्षीत मैदाही भुरभुरू नका, त्याची खाचांत लापशी होते.

सहाव्या खेपेपासून भरपूर लोण्याचा रव्याचा केक, खाऱ्या बिस्किटांचं पीठ असलं काही चालेल. पण गुळाचे, अंड्याचे आणि कमी तुपाचे पदार्थ दहा खेपा होईपर्यंत थांबू द्या. चिकटण्यात सगळ्यात वाईट गूळ. मी धोंडस बाराव्या खेपेला केलं आणि ते अख्खं सुटून आलं. ज्यांनी पहिल्याच दिवशी धोंडस किंवा गुळाचा केक घातला आणि मग भांडं वाईट म्हणून माळ्यावर टाकलं, अशी तीन घरं मला माहीत आहेत. त्यातलं एक भांडं मी मागून आणलं, साफ केलं, नानकटाईच्या पाच खेपा केल्या आणि परत दिलं. आता त्या घरी दर रविवारी त्यात ब्रेड होतो.

४. आच

स्टोनवेअर भट्टीत साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की आपल्या ओव्हनची आच त्याला किरकोळ. पण भांडं तडकतं ते आच जास्त झाली म्हणून नव्हे, एक भाग गरम आणि शेजारचा गार राहिला म्हणून. त्यात या मातीत सिलिकाचा (वाळूत असतं त्या खनिजाचा) क्रिस्टोबॅलाइट नावाचा प्रकार असू शकतो, आणि तो २२६ अंशांच्या आसपास एकदम आकारमान बदलतो. आपला ओव्हन नेमका तिथपर्यंत जातो. मी नक्षीची भांडी २१० च्या वर कधीच नेत नाही. भांड्याच्या बुडाशी याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळा.

रिकामं भांडं तापवून त्यात गार पीठ ओतू नका. पिझ्झाच्या सपाट दगडाला आधी रिकामंच तापवतात, कारण तो त्याच कामासाठी जाड केलेला असतो. ती पद्धत साच्याच्या भांड्याला लावू नका. फ्रिजमधलं पीठ आधी बाहेर काढून ठेवा. भांड्याचा निदान दोन-तृतीयांश भाग पिठाने झाकलेला असू द्या, नाहीतर उघडा भाग भरलेल्या भागापेक्षा फार लवकर तापतो. आणि गॅसच्या ज्योतीवर ही भांडी ठेवायचीच नाहीत, जाळी ठेवूनही नाही.

ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं, कारण त्यात तापणाऱ्या कांड्या भांड्याच्या फार जवळ असतात. भांडं आणि कांडी यांत चार बोटं तरी अंतर ठेवा, वरची कांडी एकटी कधी लावू नका, आणि भांडं घेण्याआधी ओटीजीची आतली मापं घ्या. चारही बाजूंनी हवा खेळायला जागा हवी. भरलेलं भांडं अडीच-तीन किलो होतं, त्याने जाळी वाकत नाही ना, तेही बघा.

माझं ब्रेडचं लांबट भांडं जानेवारीतल्या एका सकाळी गेलं. ओव्हनमधून काढलं आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं. ओटा गार होता आणि नुकताच पुसलेला, म्हणून ओलाही. टण्ण आवाज झाला आणि भांड्याचे मधोमध दोन तुकडे झाले. तेव्हापासून माझ्या ओट्यावर कायम एक जुना लाकडी पाट असतो आणि गरम भांडं फक्त त्यावरच ठेवते. पाट नसेल तर कोरडा, घडी घातलेला टॉवेल चालेल.

नेहमीच्या कृतीपेक्षा यात ५ ते १० मिनिटं जास्त लागतात. पण बाहेर काढल्यावरही भांडं भाजत राहतं, म्हणून रंग हवा त्याच्या किंचित अलीकडे असतानाच काढा.

५. काढणं

नानकटाई दहा मिनिटं भांड्यातच राहू द्या. मग कडेने सुरी फिरवा, वर पोळपाट ठेवून दोन्ही एकदम उलटं करा, आणि गरम असतानाच पाकळ्या कापा. गार झाल्यावर कापली तर भुगा होतो. केक आणि धोंडस वीस मिनिटांनी.

६. धुणं

बिनग्लेझच्या भांड्याला साबण नाही, आणि डिशवॉशर तर नाहीच. माझी आई राहायला आली होती तेव्हा तिने काळं पडलेलं धोंडसाचं भांडं बघून मायेने लिक्विड साबण लावून लख्ख घासलं. पुढच्या धोंडसाला काकडीच्या आणि वेलदोड्याच्या वासाआधी लिंबाच्या साबणाचा वास आला. ते टाकून द्यावं लागलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. साबण आत शिरला असेल तर गरम पाणी चारदा बदलत भांडं भिजवा, वाळवा, आणि मग त्यात नुसती कणीक थापून भाजा. कणीक तो वास बराचसा ओढून घेते. ती कणीक खायची नाही.

रोजचं धुणं सोपं आहे. भांडं पूर्ण गार होऊ द्या, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, लाकडी उलथन्याने खरवडा, नारळाच्या काथ्याने घासा. काथ्यासारखी घासणी या कामाला दुसरी नाही: नक्षीत शिरते आणि ओरखडे पाडत नाही. करपलेल्या जागी सोड्याचा लगदा. घरात भांडी घासायला दुसरं कुणी येत असेल तर हे भांडं मोरीत ठेवूच नका, स्वतः धुऊन टाका.

७. वाळवणं आणि ठेवणं

भांडं कडेवर उभं करून दिवसभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस, आणि कोकणात असाल तर त्यावरही विसंबू नका. वापरायच्या आधी थंड ओव्हनमध्ये ठेवा आणि १०० अंशांवर अर्धा तास चालू करा, मग भांडं गार होऊ द्या आणि त्यानंतरच पीठ घाला. आत ओल राहिली आणि एकदम मोठी आच लागली तर त्या वाफेनेही भांडं तडकतं. ओलसर भांडं बंद कपाटात ठेवलं तर बुरशी धरते. एकावर एक रचायचीच असतील तर मधे सुती फडकं घाला.

दर दोन-तीन महिन्यांनी भांडं पुन्हा वाजवून बघा. आवाज बद्द झाला, किंवा चहाचं पाणी ओतल्यावर केसासारखी रेघ उमटली, तर ते भांडं ओव्हनमधून कायमचं बाहेर काढा. माझ्या फुटलेल्या लांबट भांड्याच्या एका तुकड्यात सध्या पुदिना लावला आहे, आणि सच्छिद्र असल्यामुळे तो त्यात चांगला वाढतो.