वेब नकाशावर लष्करी चिन्हं लावताना या चुका टाळा

लष्करी चिन्हांच्या नकाशात चूक झाली तर बहुतेक वेळा स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. चिन्ह उमटतं, ठसठशीत दिसतं आणि चुकीची गोष्ट सांगतं. विदर्भात असे नकाशे मला मुख्यतः दोन कामांसाठी होताना दिसतात. एक म्हणजे पावसाळ्याआधीची पुराची रंगीत तालीम. दुसरं म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी १८०३ मधल्या अडगाव आणि गाविलगडच्या लढायांचे नकाशे. कामं वेगळी, पण चुका त्याच त्या.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली त्यांच्यासाठी थोडक्यात: ही चिन्हं अमेरिकेच्या मिल-एसटीडी-२५२५ आणि नाटोच्या एपीपी-६ या मानकांतून येतात. चौकटीचा आकार पक्ष सांगतो. आपल्या बाजूच्या जमिनीवरच्या तुकडीला आयत, शत्रूला टोकावर उभा समभुज चौकोन, तटस्थाला चौरस आणि अनोळखी असेल तर चार पाकळ्यांची चौकट. आतली खूण दल सांगते, डोक्यावरच्या खुणा तुकडी किती मोठी ते सांगतात: तीन ठिपके म्हणजे प्लाटून, एक उभी रेघ म्हणजे कंपनी, दोन रेघा म्हणजे बटालियन, एक फुली म्हणजे ब्रिगेड. हे सगळं एका कोडात भरलेलं असतं आणि मिलसिम्बॉलसारखी मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी त्या कोडावरून चित्र काढून देते. म्हणजे कोड बिघडला की नकाशा बिघडला.

कोडाला आकडा समजू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू. २०१४ च्या २५२५-डी आवृत्तीपासून कोड वीस अंकी झाला. आपल्या बाजूच्या पायदळ कंपनीचा कोड असा: १००३१०००१५१२११००००००. पहिले दोन अंक आवृत्तीचे. तिसरा अंक प्रसंग खरा की सरावाचा ते सांगतो, चौथा पक्ष सांगतो. पाचवा-सहावा चिन्हांचा संच, सातवा सद्यस्थिती की नियोजित, आठवा मुख्यालय वगैरे, नववा-दहावा तुकडीचा आकार. पुढचे सहा म्हणजे मुख्य खूण आणि शेवटचे चार म्हणजे तिच्या वरचे-खालचे उपचिन्ह.

आता हा कोड एक्सेलमध्ये टाका. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतं, पुढचे सगळे अंक शून्य करून टाकतं. वरच्या कोडात शेवटी शून्यच असल्यामुळे काहीच फरक पडत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. पण ज्या तुकडीला उपचिन्ह आहे तिचे शेवटचे चार अंक पुसले जातात आणि ती साध्या पायदळासारखी दिसू लागते. बहुतेक वेळा इशाराही येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये कोड अवतरण चिन्हांशिवाय लिहिला तरी असंच होतं, कारण तिथेही साधारण सोळा अंकांपुढे नेमकेपणा टिकत नाही.

उपाय साधा आहे, पण सुरुवातीपासून पाळावा लागतो. एक्सेलमध्ये कोड चिकटवण्याआधी तो रकाना टेक्स्ट करा. सीएसव्ही फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडून सेव्ह करू नका. डेटा इम्पोर्टमधून आणा आणि त्या रकान्याला टेक्स्ट म्हणून सांगा. जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती साठवायच्या फाइलीत) कोड अवतरण चिन्हांत ठेवा, डेटाबेसमध्ये मजकुराचा रकाना ठेवा. प्रकाशित करण्याआधी प्रत्येक कोडाची लांबी बरोबर वीस आहे का आणि लायब्ररी त्याला वैध मानते का, हे दोन्ही तपासणारी चार ओळींची तपासणी लिहून ठेवा. शून्य झालेलं उपचिन्ह मात्र या तपासणीतून सुटतं. त्यासाठी मूळ यादीशी ताडूनच पाहावं लागतं.

आपल्याकडची एक खास अडचण: मराठी कीबोर्ड चालू असताना कोड टाइप केला की अंक देवनागरीत पडतात. वाचणाऱ्याला कोड बरोबर दिसतो, लायब्ररीला मात्र तो ओळखूच येत नाही. या लेखात कोड देवनागरी अंकांत आहे तो वाचण्यापुरता, फाइलमध्ये इंग्रजी अंकच हवेत.

जुन्या २५२५-सी आवृत्तीतला कोड पंधरा अक्षरांचा आहे. त्याच्या तक्त्यांत पक्ष आणि स्थिती यांच्या जागी तारांकन छापलेलं असतं. ती भरायची रिकामी जागा आहे, तारांकनासकट कोड उचलू नका. शिवाय वर्डमधून कोड आणला तर दोन आडव्या रेघा आपोआप जोडून एक लांब रेघ होते आणि अक्षरांची मोजणी चुकते. एकाच नकाशात अर्धे कोड पंधरा अक्षरी, अर्धे वीस अंकी असं तर अजिबात नको. लायब्ररी दोन्ही समजून घेईल, पण पुढे गाळणी लावताना तुम्ही स्वतः गोंधळाल.

आपला कोण, शत्रू कोण

अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची आणि गाविलगड पडला १५ डिसेंबरला. या लढायांची बरीचशी माहिती इंग्रजी कागदपत्रांतून येते आणि नकाशा करणारा नकळत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने बसतो. मग नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांचं सैन्य लाल, शत्रूच्या चौकटीत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी निळ्या आयतात. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत असा नकाशा लावणं मला मान्य नाही. मानकातलं आपला आणि शत्रू हे नातं नकाशा करणाऱ्याच्या जागेवरून ठरतं, ते सैन्याचा स्वभाव नाही. कुठली जागा घेतली ते ठरवा आणि नकाशाच्या सूचीत स्पष्ट लिहा. मी भोसल्यांची बाजू आपली धरावी असं म्हणेन, पण उलट धरलं तरी लिहिलेलं हवंच.

याच नकाशांत आणखी एक चूक दिसते. भोसल्यांच्या बाजूने लढलेल्या शिंद्यांच्या घोडदळावर आजच्या बटालियनच्या दोन रेघा लावलेल्या असतात. त्या घोडदळाची रचना तशी नव्हती. आकार ठाऊक नसेल तर नववा-दहावा अंक शून्य ठेवा, डोक्यावर काही उमटणार नाही आणि खोटा नेमकेपणाही येणार नाही.

तालीम तालमीसारखीच दिसली पाहिजे

कोडातला तिसरा अंक शून्य म्हणजे प्रत्यक्ष प्रसंग, एक म्हणजे सराव. उदाहरणातून कोड उचलला की तो बहुतेक वेळा शून्यानेच येतो आणि तालमीचा नकाशा खऱ्या पुराचा होऊन बसतो. तिथे एक केला की चौकटीशेजारी सरावाची फुली येते. हे सोडून चालणार नाही. वैनगंगेकाठच्या गावांनी ऑगस्ट २०२० चा पूर पाहिलेला आहे. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीपर्यंत लोक घरं सोडून निघाले होते. तिथल्या गावाच्या नावावर बचाव पथकाचं चिन्ह असलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरला, तर कुणी सूची उघडून बघत बसणार नाही. म्हणून प्रत्येक चिन्हाच्या कोडात सराव असू द्या, आणि नकाशाच्या चित्रावर चारही बाजूंनी दिसेल असं रंगीत तालीम हे शब्द आणि तारीख टाका. नुसत्या पानाच्या शीर्षकात टाकून उपयोग नाही, स्क्रीनशॉटमध्ये शीर्षक कापलं जातं.

वेळेचंही तसंच. चिन्हाच्या वेळेच्या रकान्यात शेवटी झेड लिहिलं की ती जागतिक वेळ होते. आपले दुपारचे अडीच म्हणजे तिथे सकाळचे नऊ. स्थानिक वेळ लिहून पुढे झेड लावणं म्हणजे साडेपाच तासांची चूक.

जागा चुकते कुठे

जिओजेसनमध्ये रेखांश आधी, लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीत अक्षांश आधी. अदलाबदल झाली की वर्धा उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जाऊन पडतं. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती फार त्रासाची नाही.

विदर्भाला खरा त्रास यूटीएम पट्ट्यांचा आहे. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. ७८ अंश पूर्व रेखांश आपल्या मधोमध जातो. बुलडाणा, अकोला, वाशीम ४३ व्या पट्ट्यात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. अमरावती आणि यवतमाळ जिल्हे दोन्हींत विभागलेले: चांदूर रेल्वे अलीकडे, धामणगाव रेल्वे पलीकडे, पुसद ४३ मध्ये तर वणी ४४ मध्ये. जीपीएसवरून मीटरमधले आकडे आणले आणि पट्टा चुकीचा धरला, तर बिंदू बरोबर सहा अंश सरकतो. वर्ध्याचा बिंदू अरबी समुद्रात, अमरावतीचा ओडिशात. दोन जिल्ह्यांची माहिती एकत्र करायची असेल तर आधी सगळं अक्षांश-रेखांशात आणा, मगच फाइली जोडा.

जुन्या टोपोशीटवरून (छापील भूनकाशांवरून) आकडे काढत असाल तर ती एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत, वेब नकाशा डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर आहे. रूपांतर न करता चिन्ह ठेवलं तर ते थोडंसंच सरकतं, आणि थोडंसं सरकलेलं लक्षात येत नाही. गाविलगडावर हे महागात पडतं. तिथे कड्याच्या वर आणि कड्याच्या खाली यांत नकाशावर बोटभरही अंतर नाही. उत्तरेकडून भिंत पाडणाऱ्या, वेलस्लीच्या बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तोफा दरीत उतरलेल्या दाखवल्या तर लढाईच समजणार नाही.

मग अँकर, म्हणजे चित्राचा जो बिंदू नकाशावरच्या जागेला टेकतो तो. चिन्हाला नाव, वेळ, संख्या असा मजकूर जोडला की चित्र एका बाजूला वाढतं आणि चित्राचा मध्य म्हणजे तुकडीची जागा राहत नाही. मुख्यालयाच्या चिन्हाला खाली काठी असते आणि जागा त्या काठीच्या टोकाशी असते. मिलसिम्बॉलमध्ये चिन्हाचा अँकर विचारणारं फंक्शन आहे. तिथून येणारे आकडेच आयकॉनला द्या, रुंदीचा निम्मा भाग स्वतः काढू नका. तपासायचं असेल तर झूम कमी-जास्त करा. झूम बदलताना चिन्ह जमिनीवरून घसरत असेल तर अँकर चुकला आहे.

वर्तुळांबद्दल एक गोष्ट. वेब मर्केटरमध्ये (वेब नकाशे ज्या प्रक्षेपणात सपाट केलेले असतात त्यात) आपल्या अक्षांशावर अंतरं सुमारे सात टक्के ताणली जातात. ओपनलेयर्स या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीत नकाशाच्या एककांत १००० ची त्रिज्या दिली तर वर्ध्याजवळ जमिनीवर ती ९३५ मीटरच भरते. लीफलेटचं मीटरमधलं वर्तुळ हा हिशेब स्वतः करतं.

रंग आणि अक्षरं

आपल्याकडे उपग्रहचित्र ऋतूनुसार बदलतं. मे महिन्यात नांगरलेली काळी वावरं असतात, त्यावर काळी चौकट हरवते. ऑगस्टमध्ये सगळं हिरवं, त्यावर तटस्थाचा हिरवा चौरस दिसेनासा होतो. चिन्हाला पांढरी बाह्यरेषा द्या, लायब्ररीत सोय आहे. पक्ष दाखवायला नुसत्या रंगावर विसंबू नका, झेरॉक्समध्ये रंग राहत नाही, चौकटीचा आकार राहतो.

गावांची आणि पथकांची मराठी नावं चिन्हाच्या आतल्या मजकुरात भरली की वेलांट्या आणि रफार कडेला कापले जातात. सर्व्हरवर पीएनजी बनवत असाल आणि तिथे देवनागरी फाँट नसेल तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी बसवा. चिन्हात छोटा क्रमांकच ठेवा आणि पूर्ण नाव नकाशाच्या लेबलमध्ये किंवा पॉपअपमध्ये द्या.

बाण आणि सीमारेषा

चढाईचा बाण, तुकड्यांमधली सीमा, ताब्यातला भाग यांना अनेक बिंदू लागतात आणि मिलसिम्बॉल एकबिंदू चिन्हांसाठी आहे. त्याला रेषेचा कोड देऊन काही येत नाही म्हणून रात्रभर बसू नका. रेषा वेगळ्या काढाव्या लागतात. बिंदूंचा क्रमही अर्थाचा भाग आहे. चढाईच्या बाणात पहिला बिंदू टोकाचा असतो, शेपटीकडून सुरुवात केली तर बाण उलटा फिरतो.

खरी लष्करी ठिकाणं नकोत

पुलगाव, भद्रावती, कामठी ही नावं विदर्भात सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून तिथे चिन्ह लावायचा मोह होतो. लावू नका. फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशाचं काम बरंच मोकळं केलं, पण संवेदनशील ठिकाणांवरची बंधनं कायम ठेवली, आणि शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहेच. सराव काल्पनिक तुकड्यांचाच असावा. वरची मानकं परदेशी आहेत, तेव्हा नकाशा भारतीय सैन्याची मांडणी म्हणूनही सादर करू नये. तसंच झूमची खालची मर्यादा आणि नकाशाच्या कडा विदर्भापुरत्या बांधून टाका. देशाची बाह्यसीमा दाखवणारा परदेशी पायाभूत नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमेशी जुळत नसला, तरी मग तो प्रश्नच उद्भवणार नाही.

नेटवर्क नसताना

भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की गाव तुटतं, आणि नकाशाची गरज नेमकी तेव्हाच असते. लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून येत असेल तर चिन्हांच्या जागी काहीच येणार नाही. लायब्ररी आणि फाँट तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवा, सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पानाच्या फाइली जपून ठेवणाऱ्या स्क्रिप्टने) साठवा. ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, घाऊक उतरवायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, म्हणून जिल्ह्यापुरती पीएमटाइल्स फाइल (सगळ्या टाइल्स एकाच फाइलीत) स्वतः तयार करा. साध्या फोनवर शेकडो एसव्हीजी चिन्हं एकदम काढली तर नकाशा अडखळतो. एकाच कोडाचं आणि आकाराचं चित्र एकदाच बनवून पुन्हा पुन्हा वापरा. जवळची चिन्हं एका गोळ्यात गोळा करणार असाल तर पक्षनिहाय वेगळी गोळा करा, नाहीतर दोन्ही सैन्यं एकाच आकड्यात जातात.

शेवटी गावात सहज मिळणारा साधा अँड्रॉइड फोन घ्या, नकाशा एकदा उघडा, फोन विमान मोडमध्ये टाका आणि पान पुन्हा उघडा. जे दिसत नाही ते अजून तुमच्या फोल्डरमध्ये आलेलं नाही.