खाडीकाठी राहता? पावसाळ्यात भरतीचं घड्याळ सांभाळा

मालाड, माहीम, माहुल किंवा ठाणे खाडीच्या काठावर राहणाऱ्याने आभाळापेक्षा भरतीकडे जास्त लक्ष द्यावं. मुंबईतल्या कित्येक नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीच्या खाली आहेत. भरती चढली की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट खाडीच नाल्यातून वस्तीत चढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरती होती. मिठी नदीच्या पाण्याला वाटच उरली नाही.

म्हणून पहिलं काम, भरतीची वेळ माहीत करून घ्या. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. तो तक्ता कालनिर्णयाशेजारी चिकटवा. कोळीवाड्यातला जुना हिशेबही कामाचा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला ६ च्या सुमारास, चतुर्थीला ३ च्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास पाणी भरतं. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास सगळ्यात जोखमीचे. त्या वेळेत मुसळधार पाऊस असेल तर म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना आधीच वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवा.

उधाणाच्या आदल्या रात्री रेशनकार्ड, आधार, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. फ्रिज विटांवर चढवा. पिण्याचं पाणी भरून झाका.

पाणी उंबऱ्याला लागलं की मेन स्विच बंद करा, पण स्वतः कोरड्या जागी उभं राहूनच. पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. गढूळ पाण्यात ते भोक दिसत नाही आणि माणूस खेचला जातो. बाहेर पडावंच लागलं तर काठीने चाचपत चाला. मदतीसाठी पालिकेचा क्रमांक १९१६.

ओहोटी लागून पाणी उतरलं तरी धोका संपत नाही. या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. पायाला जखम असो वा नसो, पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी. बाई गरोदर असेल किंवा औषध लहान मुलासाठी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगावं, त्यांचं औषध वेगळं असतं. चाळीची जमिनीखालची टाकी उपसून, क्लोरिनने धुतल्याशिवाय तिचं पाणी वापरू नका.

साफसफाईआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि खराब सामानाचे फोटो काढा, पंचनाम्याला ते लागतात. आणि खाडीकाठच्या तिवरांवर (कांदळवनावर) कुणी राबिटची, म्हणजे बांधकामाच्या मलब्याची, भरणी करताना दिसलं, तर जागा, वेळ आणि गाडीचा नंबर टिपून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार द्या. एकट्याने देण्यापेक्षा साऱ्या चाळीच्या सह्यांनी द्या.